नाव घातलंय काय?

अण्णांना फोन केला की पलीकडून ‘हॅलो’ येत नसे. आधी थोडी शांतता येई, त्या शांततेत पंख्याची घरघर, कप बशीवर टेकल्याचा लहानसा आवाज, आणि मग एखाद्या जुन्या फौजदाराला शोभेल असा प्रश्न: “कोण म्हणून समजू?”

एकदा त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा फोन आला. हा भाऊ जुन्या हुबळीत वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसे. अण्णांचा फोन इतका जुना होता की पलीकडचं बोलणं कचेरीतल्या सगळ्यांच्या मालकीचं होई.

“अण्णा, मी धाकटा बोलतोय.”

“ते कुणीही म्हणेल.”

“आवाज ओळखत नाही काय ओ माझा?”

“आवाज हल्ली मशीन पण काढतंय. दुकानाच्या माळ्यावर फुटकी घागर आहे, तिच्यावर नाव कुणाचं ते सांग.”

पलीकडे एक लांब श्वास. “घरात हिनं होळगी केल्यात. यायचं असेल तर या. नाही तर त्या घागरीलाच जेवायला बसवतो.”

अण्णा गेले, तुपात बुडवून होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, जेवले आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर टेकता टेकता अत्यंत समाधानानं आम्हाला म्हणाले, “तोच होता.”

आमची कचेरी देशपांडे नगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर होती. जिन्यातून वर येताना लवंगेच्या तेलाचा वास पायऱ्यापायऱ्यांनी सोबत येई, आणि दिवसभर खालच्या यंत्राचा तो बारीक, दाताच्या मुळाशी जाणारा सूर आमच्या टाइप करण्याच्या टपटपीला तंबोऱ्यासारखा लागून राही. आसपासच्या लहान दवाखान्यांसाठी आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत असू. म्हणजे बाकीचे लिहीत. माझं शिक्षण कवितेचं. माझ्या वाट्याला ‘येथे दाबा’ आणि ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ ही वाक्यं मराठीत आणि कन्नडमध्ये रचण्याचं काम आलं होतं. अण्णांचं काम मात्र राखणदाराचं. प्रोग्रॅममध्ये कुणी काय बदललं, ते खरोखर त्यानंच बदललं का, आणि आमच्याकडून दवाखान्याकडे जाताना वाटेत कुणी त्याला हात लावला नाही ना, एवढंच ते पाहत. एवढंच पाहण्यासाठी त्यांनी आपलं सबंध आयुष्य तसं घडवून घेतलं होतं.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ते बायकोची टिकली चिकटवत. सोमवारी कुंकवाच्या रंगाची, सणासुदीला खड्याची. दुपारी गिरमिट आलं की आम्ही सगळे त्या चुरमुऱ्यांत, कच्च्या कांद्यात, तिखटाच्या झणक्यात बोटं घालून मोकळे होत असू. अण्णा चमच्यानं खात. तेलकट बोटं ज्या अक्षरांवर पडतात ती अक्षरं चकाकतात आणि चकाकणारी अक्षरं चुगली करतात, असं त्यांचं म्हणणं. सदऱ्याच्या आत, काळ्या दोऱ्यात ओवलेली, संगणकाला खोचायची धातूची एक छोटी पट्टी त्यांच्या छातीशी असे. त्यांची गुप्त किल्ली तिच्यात होती. कोपऱ्यावरच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी एकदा तो दोरा पाहून आदरानं विचारलं, “याव देवरु री? कुठला देव म्हणायचा हा?”

“निर्गुण,” अण्णा म्हणाले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

त्यांचं तत्त्वज्ञान आलं होतं ते मात्र कुठल्याही संगणकाच्या वर्गातून नव्हे, तर त्या जुन्या हुबळीतल्या दुकानातून. शाळा सुटली की ते वडिलांजवळ बसून भांड्यांवर नावं घालत. नवं पितळ थंड आणि किंचित आंबूस वासाचं असतं, ते मांडीवर घ्यायचं. मग यंत्राच्या टोकातून टिर्र टिर्र करत ठिपके उमटत जातात, ठिपक्यांची रेघ होते, रेघेचं अक्षर होतं आणि परातीच्या काठावर कुणाचं तरी सबंध घराणं येऊन बसतं. लग्नकार्यात परात ह्या घरून त्या घरी जाते, चार ठिकाणी घासली जाते, पण काठावर नाव असलं की शेवटी आपल्या फळीवर परत येते. प्रोग्रॅममधल्या बदलावर आपल्या गुप्त किल्लीनं सही करणं ह्या प्रकाराला बाकीच्या जगात काहीही म्हणत असोत. आमच्या कचेरीत त्याला ‘नाव घालणं’ म्हणत. काम पुरं करून कुणी आळस दिला की अण्णांच्या कोपऱ्यातून प्रश्न येई, “नाव घातलंय काय?”

ह्या शब्दापायी घोटाळे होतच. कन्नड बोलणाऱ्या एका नव्या सहकाऱ्याला वाटलं, अण्णा नावं ठेवतायत, आणि तो दोन दिवस रुसून होता. त्याची समजूत काढायला मलाच बसवण्यात आलं. मराठीत नाव घेतात ते नवऱ्याचं, काढतात ते बापाचं, ठेवतात ते दुसऱ्याला, आणि घालतात ते भांड्याला, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “तुमची भाषाच कुलूपबंद आहे, अक्का.”

“कुलूप वेगळं आणि नाव वेगळं,” अण्णा कोपऱ्यातून म्हणाले. “कुलूप घातलं की दुसऱ्याला आत दिसत नाही. नाव घातलं की भांडं कुणाचं ते कळतं. दवाखान्याचा माल कुलपात पाठवायचा आणि कुलपाच्या आत प्रत्येक भांड्यावर नाव पाहिजे.”

आणि ते कुलूप कसं हवं, याबद्दलही ते फार काटेकोर. कंपन्यांची बंद, चकचकीत, आत काय आहे ते न सांगणारी साधनं ते दारातूनच परत पाठवत. त्यांना ओपन सोर्सच लागे. ज्याची घडण कुणीही उघडून वाचू शकेल असं. कचेरीच्या मालकांना हे काही केल्या पटत नसे. “अहो, कुलूप कसं केलंय ते चोराला पण वाचता येतं की!”

“वाचू दे की. आमच्या घरची होळगी कशी करतात ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भावजयीसारखी कुणाला जमली? कृती चौकात सांगावी, सर. हात आपल्याजवळ ठेवावा.”

आता ह्या माणसाचा आणि माझा खरा संघर्ष. किल्ली उघडायला एक परवलीचं वाक्य लागतं, आणि ते निरर्थक असावं असा अण्णांचा दंडक होता. कवितेची ओळ चालणार नाही, अभंग नाही, म्हण नाही. जगाच्या ओठांवरून एकदा गेलेलं काहीही नाही. शब्द निवडायला त्यांनी फासे ठेवले होते. शब्दांची त्यांनीच केलेली एक भली लांब यादी होती. स्टीलच्या ताटलीत फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. मालकांचे सासरे एकदा कचेरी पाहायला आले आणि भर दुपारी तीन पदवीधर ताटलीभोवती वाकून फासे टाकताना दिसल्यावर चहा न घेताच उतरले.

माझ्या दानात एकदा पडलं: ढेकूळ, गुरुवार, आत्या, कापूर. (हे शब्द जागच्या जागी बाद झाले, म्हणूनच इथे सांगते आहे.) मी काय करणार? चार अनोळखी शब्द शेजारी आले की माझ्या मनात त्यांचं बिऱ्हाड थाटलं जातं. मला लगेच ती आत्या दिसली. कापूर लावताना तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या ते दिसलं. शब्द जरा पुढेमागे करून, लय सांभाळून मी टाइप करू लागले. कुणी परवलीचं वाक्य टाइप करू लागलं की अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. भिंतीकडूनच ते म्हणाले, “बाई, तुम्ही श्वास घेताय.”

“मग काय करू, अण्णा?”

“तसं नव्हं. दर दोन शब्दांनी बोटं थांबतात तुमची. जो ऐकेल त्याला कळेल, इथं ओळ मोडली. तुम्ही कविता करालाय.”

“थोडीशीच.”

“अर्थ आला की अंदाज आला. पुन्हा टाका फासे.”

इतक्या निर्दयपणे माझ्या कवितेचं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

पण किल्ली केली म्हणजे संपलं असं नसे. ती किल्ली खरंच तुमचीच, अशी ग्वाही अण्णा देत, आणि ती दिल्याशिवाय तुमचा कुठलाही बदल प्रोग्रॅमच्या कोठारात, म्हणजे सगळे बदल जिथे नोंदून ठेवत तिथे, तुमच्या नावानं जात नसे. ह्या ग्वाहीचा विधी आम्ही ‘बघण्याचा कार्यक्रम’ म्हणून ओळखत होतो. उमेदवारानं सरकारी ओळखपत्र घेऊन समोर बसायचं. अण्णा कार्डावरचा चेहरा आणि खुर्चीवरचा चेहरा आळीपाळीनं पाहत. मग किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ, एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं पडद्यावर ताडून पाहायची. खालच्या डॉक्टरांचा बरेच दिवस समज होता की वर कुणी तरी अनुष्ठान करतं.

मालकांनाही ह्यातून सुटका नव्हती.

“सर, कार्डावर मिशा आहेत.”

“काढल्या त्या.”

“कुणी?”

“कुणी म्हणजे? मीच!”

“कोण आहे सांगायला?”

शेवटी मालकांच्या पत्नीला फोन लावावा लागला. आणि तिनं फोन उचलल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, हे सांगायची गरज नाही.

कस्तुरी ह्या कचेरीत आली ती सहा महिन्यांच्या परीक्षेवर. अळणावरजवळच्या एका खेड्यातून ती रोज येई. पहाटेची बस धरून धारवाड, तिथून हुबळी. तिच्या डब्यात भाकरी, शेंगाचटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असे, आणि तो डबा उघडला की लवंगतेलाच्या त्या दवाखानी हवेत एकदम चूल पेटल्यासारखं होई. डिप्लोमा झाल्यावर लग्न, मग दोन मुलं, मग बरीच वर्षं घर. आता पुन्हा कामाला लागली होती. घरच्यांनी ‘कायम झालीस तर बघू’ असं म्हणून सोडलं होतं. अण्णा तिला ‘तंगी’ म्हणत. कन्नडमध्ये त्याचा अर्थ धाकटी बहीण. माझ्या मराठी कानाला मात्र प्रत्येक वेळी कुणाची तरी ओढाताण चालली आहे असंच वाटे, आणि पुढे ते खोटंही ठरलं नाही.

कारण बघण्याच्या कार्यक्रमात कस्तुरी नापास झाली. तिच्या डिप्लोम्याच्या कागदावर कस्तुरी आणि पुढे वडिलांचं नाव. ओळखपत्रावर लक्ष्मी आणि पुढे नवऱ्याचं.

“हे काय?” अण्णांनी विचारलं.

“माझ्या सासूबाईंचं नाव पण कस्तुरी. एका घरात दोन कस्तुऱ्या कशा हाक मारायच्या? म्हणून लग्नात तांदळात लिहून माझं लक्ष्मी केलं.”

“मग तू लक्ष्मी.”

“तांदूळ त्याच दिवशी शिजला की, अण्णा. मी कस्तुरीच.”

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. दोन नावांच्या माणसाला ग्वाही देणं त्यांच्या शास्त्रात बसेना. “आधी एक ठरव,” ते म्हणाले, “मग ये.” ती ठरवायला गेली आणि ते ठरेना. लक्ष्मी म्हटलं की हाताखालचं काम परक्याचं वाटे. कस्तुरी म्हटलं की कार्ड नाही म्हणे. मधल्या काळात ती चोख काम करत होती, पण ते काम दुसरे कुणी तरी तपासून आपल्या नावानं कोठारात घालत. महिन्यामागून महिने गेले आणि तिच्या नावावर एक ओळही जमा झाली नाही.

आमचे मालक महिन्यातले बरेच दिवस बंगळूरला असत. पगाराच्या कागदावर जे नाव तेच त्यांना ठाऊक, म्हणून ते तिला लक्ष्मीबाई म्हणत. ह्या वेळी बंगळूरला निघताना ते जिन्यातून म्हणाले, “परत आलो की कोठार उघडून बघणार. लक्ष्मीबाईंच्या हातून काही झालेलं दिसलं तर कायम करू. नाही तर नमस्कार.” तिनं मान हलवली. डब्याचं झाकण तिच्या हातात होतं. ते तिनं दोनदा लावलं, दोनदा काढलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी लहान मुलांच्या एका दवाखान्यातून फोन आला. आमच्या प्रोग्रॅममधून निघणारे रक्ताचे अहवाल चुकत होते. आठ महिन्यांच्या तान्ह्याचं वय तो आठ वर्षं धरी, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या रक्ताशी त्याची तुलना करून मोकळा होई. धडधाकट मूल आजारी ठरत होतं. आजारी मूल धडधाकट ठरण्याची भीती त्याहून मोठी. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी अहवाल थांबवून ठेवले होते आणि बाहेर आया पोरं घेऊन बसल्या होत्या. कस्तुरीनं खुर्ची पुढे ओढली आणि चूक शोधायला घेतली. ती सापडली, तिनं दुरुस्तही केली. पण ती दुरुस्ती कोठारात घालायची कुणाच्या नावानं? इतर दोघे त्या दिवशी धारवाडला गेलेले, आणि तपासून आपलं नाव घालण्याइतकं मला त्यातलं कळत नसे. आणि अण्णा, ज्यांच्या संमतीवाचून आमच्याकडे पानही हलत नसे, ते बरोबर आमच्या पायांखाली, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडून पडले होते.

तासाभरानं ते वर आले. अर्धा गाल बधिर, ओठाचा एक कोपरा खाली उतरलेला, अंगाला लवंगेचा दाट वास. गालावर हात ठेवून त्यांनी पडदा उघडला आणि तसेच उभे राहिले. कोठारात नवा बदल आला होता. करणाऱ्याचं नाव: खुद्द अण्णा. सही: नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बदल करणाऱ्याच्या रकान्यात नाव कुणाचंही लिहिता येतं; पेन्सिलीनं परातीवर लिहावं तसं. किल्लीनं घातलेलं नाव तेवढं खरं. म्हणून अण्णांना पडद्यावर दिसलं ते एवढंच, की कुणी तरी त्यांचा मुखवटा लावून घरात शिरलं आहे.

त्यांनी भिंतीतून इंटरनेटची तार उपसली. “हाऽ लाऊ नका,” ते म्हणाले. म्हणजे हात लावू नका. “माझ्या नावानं कुणी तरी आत आलंय.”

नेमका तेव्हाच मालकांचा बंगळूरहून फोन आला. दवाखान्याच्या बाईंनी त्यांना गाठलं होतं. अण्णांनी त्या बधिर जिभेनं काही सांगायचा यत्न केला, आणि आम्हा दोघींना पलीकडून ऐकू आलं: “कोण बोलतंय? अण्णांना द्या फोन. कोण आहात तुम्ही?”

“मीच,” अण्णा म्हणाले.

“ते कुणीही म्हणेल!”

एरवी ह्या वाक्यावर कचेरी आठवडाभर हसली असती. पण त्याच क्षणी कस्तुरी उभी राहिली.

“अण्णा, मीच ते. मीच घातलं तुमचं नाव.”

अण्णांनी फोन बंद करून टेबलावर पालथा घातला. “का?”

“आमच्यात थोरल्याचंच घालतात की. आमच्या ह्यांनी स्वतः राबून तांब्याचा हंडा घेतला, नाव सासऱ्यांचं घातलं. मान असतो तो.”

“मान!” अण्णांचा ओठ एका बाजूनंच थरथरला. ते प्रत्येक शब्द बधिर गालाखालून ओढून काढत होते. “उद्या त्या बदलात चूक निघाली, पोराला भलतंच औषध दिलं, तर विचारणार कुणाला? मला. मला काय ठाऊक तू काय केलंस? मानाबरोबर गुन्हा पण माझ्याच नावावर केलास तू.”

“चूक नाही त्यात.”

“मग तुझं नाव घालायचं!”

“कुठलं?”

तिनं हे आवाज न चढवता विचारलं. खालचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे तो शब्द फार स्वच्छ ऐकू आला.

“माझ्या आईनं रुखवतात भांडी दिली, अण्णा. तुमच्याच पेठेतली. सगळ्यांवर कस्तुरी घातलंय. घरात मी लक्ष्मी. रोज सकाळी लक्ष्मीनं उठून कस्तुरीच्या पातेल्यात दूध तापवायचं. ती भांडी कुणाची मग? चोरीची काय?”

अण्णांचा गालावरचा हात खाली आला. ज्या हातानं त्यांनी लहानपणी नावं घातली होती तोच तो हात. किती नवऱ्यामुलींची नावं त्या हाताखालून टिर्र टिर्र करत गेली असतील, आणि पितळ झिजेपर्यंत टिकणारी त्यांतली किती नावं पुढे त्या त्या घरात एकदाही हाकेला वापरली गेली नसतील! हे मी आज लिहिते आहे. अण्णांनी असलं काही म्हटलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि पडदा स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, “एका किल्लीला नावं किती लागतात, ठाऊक आहे काय तुला?”

“एक.”

“कितीही लागतात.”

“मग तुम्ही मला...”

“होय की. मी सांगितलं नाही. मला कधी लागलंच नाही दुसरं.”

ते साधन ज्यांनी कुठे तरी दूर देशी बसून लिहिलं, त्या अनोळखी माणसांनी ही सोय फार आधीपासून करून ठेवली होती: एका किल्लीवर माणसाची हवी तेवढी नावं, आणि प्रत्येक नावाला वेगळी ग्वाही. कुणालाही वाचता येईल असं सगळं उघडं होतं. बंद होते ते आमचे अण्णा.

मग झालेला बघण्याचा कार्यक्रम मला अजून कानांत ऐकू येतो. अण्णांच्या तोंडून ‘बी’ आणि ‘डी’ वेगळे निघेनात, म्हणून ठसा तिनंच वाचायचा असं ठरलं. ती अंक कन्नडमध्ये आणि अक्षरं इंग्रजीत वाचत गेली, ओंदु, नाल्कु, ए, एंटु, आणि अण्णा बोट ठेवत गेले. डिप्लोमा पाहून कस्तुरीला ग्वाही दिली. ओळखपत्र पाहून लक्ष्मीला. ह्यांतलं पुढे कुठलं दिसावं, असं यंत्रानं विचारलं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं कस्तुरीवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं, तापलेल्या तव्याला लागल्यासारखं.

“ठेव की नीट,” अण्णा म्हणाले. तिनं ठेवलं.

पण त्यांचं नाव लावलेला तो बदल काही त्यांनी सोडला नाही. तो काढायला लावला, तिच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचली, महिने आणि वर्षं दोन्ही तपासून पाहिली, तान्हं मूल, रांगणारं मूल, शाळकरी मूल अशी खोटी वयं घालून अहवाल काढून पाहिले. मग तिनं तोच बदल पुन्हा केला, किल्लीनं नाव घातलं, आणि अण्णांनी तारेचं टोक भिंतीत परत बसवलं. दुपार कलायच्या आत दवाखान्यातून निरोप आला की अहवाल आता नीट निघतायत. कस्तुरीनं त्या दिवशी डबा चार वाजता उघडला. भाकरी वातड झाली होती. अण्णांना अर्ध्या तोंडानं चावता येईना, म्हणून तिनं शेंगाचटणी ताकात कालवून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती चमच्यानंच खाल्ली.

मालक महिनाअखेर परतले. बूट न काढताच त्यांनी कोठार उघडलं, चष्मा कपाळावर सारला आणि तोंड वाकडं केलं.

“लक्ष्मीबाईंच्या नावावर काहीच नाही हो अण्णा. वाईट वाटतं, पण बोललो होतो मी.” मग त्यांचं बोट एका ओळीवर गेलं. “आणि ही कस्तुरी कोण? लहान मुलांच्या दवाखान्याचं काम चांगलं केलंय हिनं. पण मला न विचारता माणूस घेतलंत?”

कस्तुरीच्या बोटांखालची अक्षरं थांबली होती. अण्णा चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा पुसला.

“घेतलं,” ते म्हणाले. “तिला ठेवायचं म्हणताय काय?”

“हिला ठेवायला हवंच की. पण दोघींना मी कुठून ठेवू?”

“एकीला ठेवलंत की दुसरी आपोआप राहतेय, सर. आणि एकीला काढलंत तर दुसरीला मी थांबवू शकणार नाही.”

हे मालकांच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीपाशी बसलेल्या बाईकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या त्या मिशा नसलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “अस्सं,” ते म्हणाले. “मग कायमचं पत्र कुणाच्या नावानं करू, अण्णा?”

“मला काय विचारताय? तिला विचारा की. नाव तिचं आहे.”

मालक तिच्याकडे वळले. ती उभी राहिली, पदर सारखा केला.

“कस्तुरी लिहा,” ती म्हणाली. मग क्षणभर विचार करून, एखाद्या कारभारणीच्या धोरणीपणानं: “दुसरं कंसात घाला, सर. पत्र सासूबाई वाचणार आहेत.”